केमो चालू असताना घरी होणारा त्रास हॉस्पिटलला कसा कळवता?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. मी कॅनडात, ओंटारिओत राहते. नवऱ्याचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि आता केमो चालू आहे. त्याच सुमारास सांगलीकडे माझ्या नणंदेची स्तनाच्या कॅन्सरची केमो सुरू झाली. डॉक्टर दोन्हीकडे चांगले आहेत, औषधांतही काही कमी नाही. फरक जाणवतो तो दोन केमोंच्या मधल्या दिवसांत, आणि त्याबद्दलच हा धागा.

ओंटारिओच्या कॅन्सर सेंटरांमध्ये २००७ पासून रुग्णाने आपल्या त्रासाला स्वतः आकडा द्यायची पद्धत आहे. सेंटरमध्ये टच स्क्रीन असतो, आता घरूनही भरता येतं. वेदना, थकवा, झोपाळूपणा, मळमळ, भूक, धाप, उदासी, काळजी आणि एकूण कसं वाटतंय, प्रत्येकाला ० ते १०. ही प्रश्नावली १९९१ साली एडमंटनमध्ये पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांनी तयार केली होती. आमचे हे आत जातात तेव्हा आकडे डॉक्टरांसमोर उघडलेले असतात. "थकवा मागच्या वेळी ४ होता, आज ७ कसा?" इथून बोलणं सुरू होतं. हे मुळात कमी बोलणारे, विचारलं तरी "ठीक आहे" म्हणणारे. ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधानंतर फ्रिजमधली दुधाची पिशवी धरली की बोटांत सुया टोचल्यासारखं होतं, हे त्यांनी मलासुद्धा सांगितलं नव्हतं. "आणखी काही त्रास?" या ओळीत मात्र लिहिलं होतं.

वन्सं फोनवर म्हणतात, "बरी आहे गं, तू तुमच्याकडचं सांग." पुढच्या केमोआधी ओपीडीत त्यांना डॉक्टर भेटतात, तेव्हा बाहेर रांग लागलेली असते. पहिल्या चार-पाच दिवसांत झालेल्या उलट्या तोवर थांबलेल्या असतात, मग त्या सांगायच्या राहून जातात. फाइलवर "तक्रार नाही" असं लिहिलं जातं आणि पुढची केमो त्याच उलट्यांसकट पार पडते.

याबद्दल वाचत गेले तेव्हा न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधला डॉ. ईथन बाश यांचा अभ्यास सापडला. पसरलेला कॅन्सर असलेले ७६६ रुग्ण, सगळे केमोवरचे. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाची नेहमीसारखी देखभाल, दुसऱ्या गटाने १२ लक्षणं संगणकावर नोंदवायची. त्रास फार वाढला की नर्सला आपोआप ईमेल जायचा. वर्षभरात इमर्जन्सीत जावं लागलेले नोंदवणाऱ्या गटात ३४ टक्के होते, दुसऱ्यात ४१ टक्के. नोंदवणाऱ्यांना केमो सरासरी ८.२ महिने झेपली, इतरांना ६.३. आणि २०१७ साली जे प्रसिद्ध झालं ते वाचून मी थबकले: मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ३१.२ महिने विरुद्ध २६. पाच महिन्यांचा फरक, तोही कुठलंही नवीन औषध न देता.

आपल्याकडे कुणाला असा अनुभव आहे का? ॲप असो, व्हॉट्सॲप असो, नर्सचा फोन असो. कुठल्या हॉस्पिटलात काय चालतं आणि ते खरंच कुणी वाचतं का, हे जाणून घ्यायचं आहे.

कृष्णाकाठ

ताई, आम्हीही सांगलीकडचेच. आईची केमो चालू आहे. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण उपचार चांगले आहेत आणि आम्हाला तिथेच जायचं आहे.

दुसऱ्या केमोनंतर आठवडा उलटून गेला असेल. रात्री साडेअकराला आईच्या अंगावर काटा आलेला पाहिला. ताप १०१. फाइलच्या पुठ्ठ्यावर छापलेला नंबर लावला तर तो लागला बिलिंगला. तिथून गेटवरच्या माणसाकडे गेला. तो बिचारा म्हणाला, "सकाळी ओपीडीला या." मी मेडिकलवाल्याला उठवून तापाची गोळी आणली, दिली, ताप उतरला. सगळे झोपलो. पहाटे आई उठून बसेना. नेलं तेव्हा बीपी खाली गेलेलं आणि पांढऱ्या पेशी तळाला. आयसीयूतून आई परत आली, देवाची कृपा आणि तिथल्या डॉक्टरांची मेहनत.

नंतर कळलं की तिला दुपारपासून थंडी वाजत होती. "तू कारखान्यावरनं दमून आला होतास, म्हटलं उगं कशाला," म्हणाली. तुम्ही लिहिलेला तो आकडे भरायचा स्क्रीन आईपुढे दुपारी असता तर तिने भरला असता का, मला माहीत नाही. पण "तुला आज थंडी वाजली का" असं रोज कुणी तिऱ्हाइताने विचारलं असतं तर तिने हो म्हटलं असतं. घरच्यांना त्रास नको म्हणून ती लपवते, परक्यापासून लपवायचं तिला कारण नाही.

चाफा

वाचतेय. बाबांचं तोंडाच्या कॅन्सरचं रेडिएशन चालू आहे. आमच्याकडे व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात ८० जण, सकाळी सुप्रभात आणि फुलं. मी दोनदा बाबांच्या तोंडातल्या फोडांचा फोटो टाकला, तो वर सरकून गेला.

सिस्टर_डेकेअर

मी गेली बरीच वर्षं मुंबईत केमोच्या डे-केअरमध्ये स्टाफ नर्स आहे. कृष्णाकाठ दादा, तुमचा प्रतिसाद वाचून पोटात गोळा आला, कारण हे आम्ही वरचेवर पाहतो.

आधी तातडीचं. केमो घेतल्यावर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्या काळात १००.४ किंवा जास्त ताप आला की तो साधा ताप समजायचा नाही. तापाची गोळी देऊन वाट बघायची नाही, कारण गोळीने आकडा उतरतो, आतला जंतुसंसर्ग वाढत राहतो. रात्र असो की सण, निघायचं. तिथे पोचल्यावर कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य म्हणायचं: "केमोचा पेशंट आहे, ताप आहे." अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात जायला हवा, हा नियम जगभर मानतात. अशा वेळी कुठलंही ॲप भरत बसू नका. धाप लागणं, रक्त न थांबणं, पाण्याचा घोटही पोटात न टिकणं, गोंधळल्यासारखं बोलणं, यांनाही हेच लागू.

आता पाऊलवाट ताईंच्या प्रश्नाकडे. चाफा, तुमचा ग्रुप आणि बाश यांची व्यवस्था यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिथे प्रत्येक लक्षणाची पायरी ठरलेली होती. आधीच्यापेक्षा दोन पायऱ्या वर गेली, किंवा तिसऱ्या, म्हणजे तीव्र त्रासाच्या, पायरीला पोचली, की त्या पेशंटच्या ठरलेल्या नर्सला इशारा जायचा. अशा इशाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश वेळा नर्सने काहीतरी ठोस केलं: फोन करून समजावलं, उलटीचं औषध बदललं, इमर्जन्सीत पाठवलं, केमोचा डोस बदलून घेतला. ग्रुपमध्ये मेसेज सगळ्यांचा असतो, म्हणून तो कुणाचाच नसतो.

आणि खरं सांगते, बहुतेक त्रासाला मोठा इलाज लागत नाही. उलटीची गोळी जेवणानंतर घेतली जात होती, ती आधी घ्यायला सांगितलं की काम होतं. जुलाबाची गोळी एक घेऊन थांबले होते, ती पुढे कशी घ्यायची ते समजावलं की सलाइन टळतं. पण ते तिसऱ्या दिवशी कळलं तर. एकविसाव्या दिवशी, पुढच्या केमोला आल्यावर, कळून उपयोग नाही.

प्रश्नचिन्ह

विषय महत्त्वाचा आहे, म्हणूनच थोडं खोलात विचारतो. बाश यांची चाचणी एकाच हॉस्पिटलात झाली, तेही न्यूयॉर्कमधल्या नामवंत. रुग्ण दाखल झाले २००७ ते २०११ या काळात. तेव्हाची औषधं वेगळी होती. पाच महिन्यांचा आकडा आज कुणी जसाच्या तसा सांगितला तर आशा फार वाढते. इतरत्र हाच परिणाम पुन्हा दिसला का?

यॉर्कशायरकर

मी इंग्लंडमध्ये आरोग्य-सांख्यिकीचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे.

फ्रान्समध्ये ल मान्सच्या डॉ. फाब्रिस डेनिस यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर असा प्रयोग केला. दर आठवड्याला वेबवर छोटा फॉर्म, उत्तरांत धोक्याची खूण दिसली की डॉक्टरांना सूचना. २०१७ च्या निकालात मध्यक आयुष्य १९ महिने विरुद्ध १२. अभ्यास लहान होता, पण दिशा तीच. ओंटारिओत तर लाखाहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या, आणि लक्षणं नोंदवणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. मात्र ती चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे, त्यामुळे तिच्यावर मी तेवढा भार टाकणार नाही.

सगळ्यात मोठी कसोटी अमेरिकेतली प्रो-टेक्ट ही चाचणी. ५२ केंद्रं, बहुतेक गावोगावची साधी, विद्यापीठाची नव्हेत. १,१९१ रुग्ण. दर आठवड्याची प्रश्नावली ९१ टक्क्यांहून जास्त वेळा भरली गेली, म्हणजे "आजारी माणूस कुठे फॉर्म भरत बसणार" हा आक्षेप तिथेच गळून पडतो. चालणं-फिरणं, लक्षणं, जगण्याचा दर्जा, या तिन्हींत फायदा दिसला. पहिल्यांदा इमर्जन्सीत जायची वेळही लांबली. पण एकूण आयुष्यात फरक आढळला नाही.

इथे इंग्लंडमध्ये, लीड्सला, ५०८ रुग्णांवर ई-रॅपिड नावाची चाचणी झाली. तिथे पहिल्या सहा आणि बारा आठवड्यांना शरीराची स्थिती बरी राहिली, हॉस्पिटलात भरती होण्याचं प्रमाण मात्र बदललं नाही. आमच्याकडे केमोच्या प्रत्येक रुग्णाच्या खिशात चोवीस तास चालणाऱ्या नंबरचं कार्ड असतं. ज्याच्याकडे आधीच रात्री उचलला जाणारा फोन आहे, त्याला नव्या ॲपने कमी फरक पडणार, असं माझं मत. जिथे तो फोनच नाही तिथे फरक जास्त पडायला हवा.

म्हणून प्रश्नचिन्ह यांच्याशी सहमत: "ॲप भरा, पाच महिने मिळवा" असं कुणाला सांगू नये. पण ते पाच महिने बाजूला ठेवले तरी उरतं ते पुरेसं आहे. माणूस जास्त दिवस स्वतःच्या पायावर राहतो, कमी वेळा मध्यरात्री धावपळ होते. युरोपच्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने, एस्मोने, २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत नेहमीच्या उपचारांत याचा वापर करा असं म्हटलं आहे. अमेरिकेत जुलै २०२३ पासून सरकारी विम्याच्या एका कॅन्सर योजनेत केंद्रांना ते टप्प्याटप्प्याने आणावं लागतंय.

प्रश्नचिन्ह

सविस्तर उत्तराबद्दल आभार. आयुष्यात फरक न दिसल्याचंही लिहिलंत ते बरं केलंत. आता मलाही हे आपल्याकडे यावं असं वाटतंय, आणि कशासाठी यावं तेही स्पष्ट झालं.

मोगरा

मी स्वतः रुग्ण आहे. स्तनाचा कॅन्सर, सगळे उपचार संपून आता फक्त गोळी चालू आहे. इथे बहुतेक लिहिणारे घरचे आहेत, म्हणून रुग्णाच्या बाजूने थोडं लिहिते.

आम्ही त्रास लपवतो त्याचं एक मोठं कारण कुणी लिहिलं नाही. भीती वाटते की सांगितलं तर डॉक्टर केमो थांबवतील, डोस कमी करतील, आणि मग कॅन्सर परत येईल. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध चालू असताना माझ्या बोटांची टोकं बधिर व्हायला लागली. ब्लाउजचे हूक लागेनात. पोळी तव्यावरून हाताने उचलायची सवय, एकदा भाजलं तरी कळलं नाही. तरी प्रत्येक वेळी डॉक्टरांपुढे "थोड्या मुंग्या येतात" इतकंच. एका भेटीत तिथल्या अभ्यासासाठी टॅबवर प्रश्नावली दिली. त्यात दोन वेगळे प्रश्न होते: बधिरपणा किती तीव्र आहे, आणि त्यामुळे रोजच्या कामांत किती अडथळा येतो. दुसऱ्या प्रश्नापाशी मी थांबले. हूक, पोळी, मोबाइलचं बटण, सगळं डोळ्यांपुढे आलं. "खूप" वर बोट ठेवलं. त्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या बोटांना कापूस लावून, टाचणी लावून तपासलं, डोस जरा कमी केला आणि कमी डोसने काय होतं, काय होत नाही ते नीट समजावलं. माझी भीती त्या समजावण्याने गेली. आज बोटं बरीचशी माझी आहेत.

दुसरी गोष्ट. ओपीडीत माझ्याबरोबर नवरा, कधी सासरे असायचे. बद्धकोष्ठ, योनीचा कोरडेपणा, संबंधांच्या वेळचं दुखणं, हे त्यांच्यासमोर मी कधीच बोलले नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेची जी मोठी यादी आहे, प्रो-सीटीसीएई, तिच्यातल्या ७८ लक्षणांत हेही आहे. स्क्रीनवर विचारलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे विचारण्यासारखं आहे आणि यावर औषध आहे. म्हणून घरच्यांना हात जोडून विनंती: फॉर्म रुग्णाला स्वतःला भरू द्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, पण उत्तर त्यांचं लिहा. "आईला कुठे एवढं दुखतंय" असं म्हणून ७ चा ५ करू नका.

पाऊलवाट

मोगरा, तुमचा प्रतिसाद मी यांना वाचून दाखवला. डोस कमी होण्याची भीती यांनाही आहे, आज पहिल्यांदा बोलले.

कृष्णाकाठ

मोगराताई, पटलं. पण आईकडे साधा बटणांचा फोन आहे. इंटरनेट नाही, वाचता येतं पण बेताचं. अशा बायकांचं काय? हे सगळं शिकलेल्यांसाठीच राहणार का?

यॉर्कशायरकर

दादा, हे अगदी मोजून पाहिलेलं आहे. बाश यांच्या चाचणीत ज्यांना आधी संगणक वापरायची सवय नव्हती, त्यांना बहुतेक बाबतींत फायदा जास्त झाला. ते घरून भरत नव्हते, हॉस्पिटलात आल्यावर भरत होते, तरीही. आणि प्रो-टेक्टमध्ये रुग्णाला पर्याय होता: इंटरनेटवर भरा, किंवा आपोआप फोन येईल त्यावर बटण दाबून उत्तर द्या. बरेच जण फोन निवडत. आईच्या बटणांच्या फोनवर "उलटी झाली असेल तर १ दाबा" मराठीतून यायला तांत्रिक अडचण काहीच नाही. रेल्वे, बँक, गॅस सिलिंडर, सगळे असेच फोन वापरतात.

सिस्टर_डेकेअर

अडचण पलीकडच्या टोकाला आहे. आमच्याकडे दिवसाला जितक्या खुर्च्या, त्याच्या दुप्पट पेशंट. फोन उचलायला वेगळी नर्स नाही. वरून ॲप आणून दिलं आणि माणूस दिला नाही, तर इशारे साठत जाणार आणि पेशंटला वाटणार आपण कळवलंय. हे न कळवण्यापेक्षा जास्त घातक आहे. हॉस्पिटलच्या कुणी वरिष्ठांनी हे वाचलं तर एकच मागणं: आधी एक नर्स त्या कामासाठी मोकळी करा, तिच्या हाती डॉक्टरांनी सही केलेला कागद द्या, कुठल्या त्रासाला तिने स्वतः काय सांगायचं आणि कुठल्या वेळी डॉक्टरांना उठवायचं याचा. मग साधी वही असली तरी काम सुरू होतं. प्रश्नांसाठीही अडायला नको. युरोपमधली ३० प्रश्नांची क्यूएलक्यू-सी३० प्रश्नावली हिंदी-मराठीत भाषांतरित करून टाटा मेमोरियलमध्ये तपासलेली आहे.

मुंबईत केमो घेऊन आमचे कितीतरी पेशंट धुळे, नांदेड, पार बिहारपर्यंत परत जातात. त्यांच्या गावच्या डॉक्टरांनाही तो इशारा गेला पाहिजे, कारण सलाइन शेवटी तेच लावणार आहेत.

चाफा

सिस्टर, व्यवस्था येईल तेव्हा येईल. बाबांसाठी उद्यापासून मी काय करू?

सिस्टर_डेकेअर

पुढच्या भेटीत तीन गोष्टी विचारून घ्या, आणि उत्तर फाइलच्या पुठ्ठ्यावर आतून लिहा. रात्री कोणता नंबर लावायचा आणि तो कोण उचलतो. मेसेज पाठवला तर कोण वाचतं, किती वेळात. आणि कुठल्या त्रासाला न विचारता सरळ निघायचं. तो नंबर तिथेच बसून एकदा लावून बघा.

मेसेज पाठवायची सोय असेल तर मोठी गोष्ट लिहू नका, आम्हाला रांगेत वाचावं लागतं. असं लिहा: "फाइल नंबर अमुक. तोंडाचं रेडिएशन, चौथा आठवडा. तोंडात दुखणं काल ५, आज ८. घन अन्न बंद, पाणी दिवसभरात चार भांडी. ताप नाही. वजन दोन किलो उतरलं." एवढं वाचलं की मला कळतं की आज फोन करायचा की अन्नाच्या नळीबद्दल डॉक्टरांशी बोलायचं. फोटो असेल तर याच्याखाली, आणि ग्रुपवर नको, थेट. बाबांच्या आजाराचा फोटो ८० जणांच्या मोबाइलमध्ये जायचं काही कारण नाही.

रोज एकाच वेळी विचारा, म्हणजे आकडे तुलना करण्यासारखे राहतात.

पाऊलवाट

हा मेसेज मी जसाच्या तसा वन्संना आणि भाच्याला पाठवलाय, फक्त तपशील बदलून. भाचा रोज संध्याकाळी विचारून वहीत लिहिणार आणि वही ओपीडीत डॉक्टरांपुढे ठेवणार. वन्संनी आज पहिलाच आकडा मळमळीला ६ सांगितला. फोनवर मला त्या आजही "बरी आहे" म्हणाल्या होत्या.

कृष्णाकाठ

मी आज डे-केअरला जाऊन विचारलं. पुठ्ठ्यावरचा नंबर जुनाच निघाला. तिथल्या सिस्टरांनी कॅज्युअल्टीचा थेट नंबर दिला, त्यांच्यासमोर लावून बघितला, ड्युटीवरच्या डॉक्टरांनी उचलला. बाकीच्या पेशंटच्या फायलींवरही तो लिहून द्या म्हटलं, तर शिक्का करून घेतो म्हणाल्या.

एक विचारायचं राहिलं. आईची पुढची केमो गुरुवारी आहे. ताप काखेत मोजायचा की तोंडात? आमच्याकडे डिजिटल थर्मामीटर आहे.

सिस्टर_डेकेअर

तोंडात, जिभेखाली, बीप वाजेपर्यंत. चहा किंवा गार पाणी घेतलं असेल तर वीसेक मिनिटं थांबून. तोंड आलं असेल आणि धरवत नसेल तर काखेत चालेल, पण काखेत आकडा कमी दिसतो, म्हणून कळवताना "काखेत" हा शब्द लिहा आणि ९९.५ च्या वर दिसला तरी फोन करा. थंडी वाजून अंग कापत असेल तर थर्मामीटर काहीही दाखवो, निघायचं. गुदद्वारात मोजायचं नाही, पेशी कमी असताना तिथे इजा होऊन संसर्ग होतो. आणि मोजल्याशिवाय तापाची गोळी द्यायची नाही.